नववी फळी

दाजींचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याने पत्र कुठेतरी कोंबलं आणि विसरून गेला. विसरता आलं असतं तर सुटलो असतो. ते पत्र उन्हाळाभर माझ्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली पडून होतं आणि मी जेवायला बसलो की बरोबर ताटासमोर यायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने सुतार. ताई गेल्यावर ते मुलीकडे राहायला गेले. ते गाव इथून लांब आहे, सकाळच्या गाडीत बसलं तर दिवे लागताना पोचतो माणूस. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे त्यांनी तिकडून "काय?" म्हणायचं आणि मी इकडून तेच वाक्य आणखी हळू म्हणायचं. मला मोठ्याने बोलता येत नाही. शाळेतसुद्धा हजेरीला माझा आवाज पोचायचा नाही आणि वर्गात बसून माझी गैरहजेरी लागायची. म्हणून आमचा व्यवहार पत्रांचा.

पत्र सुतारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, जाड आणि आडवंतिडवं.

"मास्तर, मागची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे, वाचायला उजेड पुरेल. तुम्ही तिकडे एकटे, मी इकडे एकटा. दोन ठिकाणी एकटं राहायचं ते एका ठिकाणी राहू. पोरीला विचारलं आहे, तिची ना नाही. पुस्तकांचं कपाट घेऊन या, ते सुटं होतं. कळवा. घाई नाही. दाजी."

एवढंच. दुसऱ्या कोणी ते पत्र वाचलं असतं तर हसून खिशात घातलं असतं आणि सामान बांधायला घेतलं असतं. मी ते प्रुफं वाचावीत तसं वाचलं. माझी नोकरीच ती होती. छापखान्यात मी मुद्रितं तपासत असे, आणि तीही बहुतेक प्रस्तावनेची आणि मागच्या सूचींची. कथा-कादंबऱ्यांचा मजकूर दुसऱ्या दोघांकडे जाई. त्यामुळे पत्रातल्या एकेका शब्दावर माझं बोट थांबलं. "तिची ना नाही." म्हणजे हो आहे का? हो असतं तर हो लिहिलं असतं. "मी इकडे एकटा." लेक, जावई, दोन नातवंडं असलेल्या घरात माणूस एकटा कसा? की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं? आणि "घाई नाही". हे दोन शब्द त्यांनी भलेपणाने लिहिले असणार, पण माझ्यासारख्याला घाई नाही म्हणणं म्हणजे झोपलेल्याला पांघरूण घालणं.

पहिलं उत्तर चांगलं चार पानी झालं. मग मी ते तपासायला घेतलं. हे वाक्य फार रडवं, काट. हे उपकार मानल्यासारखं, काट. इथे ताईचा उल्लेख, तो वाचून त्यांना वाईट वाटेल, काट. शेवटी वर "ती. दाजींना सा. न. वि. वि." उरलं आणि खाली माझी सही. मधला मी सगळाच खोडला गेला होतो. दुसरं आणि तिसरं उत्तरही असंच गेलं. मग मी लिहायचं सोडलं आणि नुसता त्या पत्रासमोर जेवत राहिलो.

त्यांनी मला मास्तर का म्हणावं, ते सांगायला हवं. मी कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. एकदाच शिकवलं, तेही एकाच माणसाला.

तेव्हा मी नुकता छापखान्यात लागलो होतो आणि सुटीत ताईकडे गेलो होतो. घराच्या पुढच्या भागात दाजींचं कामाचं दालन होतं आणि मागे ताईचं स्वयंपाकघर. मधे दार नव्हतं, त्यामुळे रंध्याचा आवाज मागे जायचा आणि ताईचं बोलणं पुढे यायचं. दाजी त्या दिवशी वैतागलेले होते. मोठं काम असलं की ते घरी तयार करून, सुटं करून गिऱ्हाइकाकडे न्यायचे आणि तिथे जोडायचे. कुठली फळी कुठल्या खाचेत जाते हे कळावं म्हणून दोन्हींवर सारखी खूण करावी लागते. पेन्सिलीची खूण घासकामात पुसून जाते, म्हणून पटाशीने काड्या मारायच्या. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. असं करत एका फडताळाला आठ आणि नऊ काड्यांची गल्लत झाली आणि गिऱ्हाइकाच्या दारात दाजींना घाम फुटला.

"आकडेच का नाही कोरत?" मी विचारलं.

"आपले आकडे?" दाजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सगळी वेटोळी. तीन काढायला गेलो की लाकूड उखडतं. पटाशीला वळण जमत नाही, तिला सरळ चाल लागते." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "त्याच्यावरचे आकडे बघ. सगळे सरळ. तू पुस्तकातला किडा ना, तेवढे मला शिकव."

मी लाजलो, पण आतून फुललोही. जगात मला जे काही थोडंफार खात्रीने येत होतं त्यात हे होतं. आमच्या छापखान्यात प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांतच मोजत आणि माझा सगळा दिवस त्यांच्यातच जायचा. मी कामाच्या बाकावर भुसा पसरला आणि बोटाने एक रेघ ओढली.

"एक काडी म्हणजे एक."

"एवढ्यासाठी मेहुणा लागत नाही."

"पाचाला हे." मी V काढला. "आणि दहाला फुली."

"आणि मधले?"

"पाचाच्या मागे, म्हणजे उजवीकडे, काडी ठेवली की सहा. पुढे, म्हणजे डावीकडे, ठेवली की चार. दहाचंही तसंच. मागे ठेवली की अकरा, पुढे ठेवली की नऊ."

दाजी भुशावर वाकले. "म्हणजे काडी तीच. मागे उभी राहिली तर भर आणि पुढे येऊन उभी राहिली तर तूट."

"हो."

"जावयासारखीच म्हणा की," आतून ताईचा आवाज आला. "मागे उभा राहिला तर आधार, पुढे येऊन बसला तर खर्च."

"हे तुझ्या वडिलांचं मत की तुझं?" दाजी मान न वळवता म्हणाले.

"वडिलांचं. मी नुसती पोचवते."

मग दाजींनी स्वतः बोट भुशात घातलं आणि एकापासून बारापर्यंत काढत गेले. चाराशी थांबले. घड्याळाकडे पाहिलं, भुशाकडे पाहिलं. "पंडित, घड्याळात चाराला चार काड्या आहेत. तू मला एक काडी आणि पाच सांगतोस."

"घड्याळवाल्यांची पद्धत वेगळी असते. पुस्तकात चार असाच लिहितात."

"म्हणजे घड्याळ चुकलं?"

"घड्याळ नाही, घड्याळावरचा आकडा…"

"वेळ बरोबर दाखवतं ना?"

"दाखवतं."

"मग चुकलं काय?"

"नाद सोडा त्याचा," ताई म्हणाली. "तो लहानपणापासून घड्याळाच्याही चुका काढतो."

मी मात्र सोडलं नाही. पुस्तकातलं तेच खरं, असं मी बजावलं. चार म्हणजे IV आणि नऊ म्हणजे IX, चार काड्यांचे लाड चालायचे नाहीत. माझा आवाज त्या दिवशी चढला होता, असं ताई नंतर पुष्कळ वर्षं सांगायची. दाजींनी ऐकून घेतलं. हातातला भुसा झटकला आणि म्हणाले, "बरं मास्तर. तुम्ही म्हणाल तसं."

"दाजी, अहो-जाहो काय करताय?"

"शिकवणाऱ्याला अरे-तुरे करू नये."

मला वाटलं, थट्टा आहे, संध्याकाळपर्यंत जिरेल. ती जिरली नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा मास्तर झालो आणि तुम्ही झालो. आधी मला त्याचा अभिमान वाटला, मग चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. आई-वडील गेल्यावर मला अरे म्हणणारी दोनच माणसं उरणार होती, त्यातलं एक मी आधीच भुशात बोट फिरवून घालवून बसलो. ताई गेल्यावर दुसरंही गेलं.

या आकड्यांनी दाजींनी जे पहिलं मोठं काम केलं ते माझं पुस्तकांचं कपाट. तीन उभे खांब, मधे दोन कप्पे, एका बाजूला सहा फळ्या आणि दुसऱ्या बाजूला सहा. खिळा एकही नाही. प्रत्येक फळी तिच्या तिच्या खाचेपुरती तासलेली, खाचेशेजारी आकडा आणि फळीच्या पोटाला तोच आकडा. ते या खोलीत उभं राहिलं तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर ते कधी हललं नाही आणि मीही नाही.

पावसाळा संपता संपता कपाटामागच्या भिंतीला ओल आली. घरमालकिणीने रंगारी पाठवला. धिप्पाड माणूस, खांद्यावर शिडी आणि गळ्यात रेडिओ. खोलीत आला आणि दारातच थबकला.

"आजोबा, हे सगळं वाचलंत?"

"बरंचसं."

"आणि उरलेलं?"

"तेही वाचीन म्हणतो."

"कधी?" असं त्याने सहज विचारलं आणि मग माझ्याकडे नीट पाहून ओशाळला. "नाही, म्हणजे, सावकाश वाचा. घाई काय आहे."

घाई नाही म्हणणारा हा दुसरा. आम्ही दोघांनी मिळून पुस्तकं उतरवली, पलंगाखाली आणि पलंगावर रचली. मग तो फळ्या ओढायला लागला. जुनं लाकूड, पण फळ्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. त्याने एक फळी उलटी करून बोट फिरवलं.

"हे काय, मांजराने नखं मारलीत?"

"आकडे आहेत. रोमन."

"तुम्हाला कळतात?"

"ज्यांनी कपाट केलं त्यांना मीच शिकवले होते."

"मग घरचंच काम. परत लावताना मला हाक मारू नका म्हणजे झालं." त्याने फळ्या कोपऱ्यात रचल्या आणि भिंत खरवडायला घेतली. खरवडता खरवडता बोलत होता. बोलल्याशिवाय त्याचा हात चालत नसावा. "एकटेच राहता?"

"हो."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"कोणीच नाही?"

"दाजी आहेत," मी म्हणालो. ते शब्द तोंडातून गेल्यावर मी टेबलाकडे पाहिलं. डबी बाजूला सरकली होती आणि पत्रावर चुन्याचा शिंतोडा उडाला होता.

"बहिणीचे मिस्टर? कुठे असतात?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तिकडे हवा बरी आहे," रंगारी म्हणाला. "इथे काय, ओल."

जाताना त्याने तिन्ही खांब, माथा आणि तळ पुन्हा भिंतीशी उभे करून दिले. ते मला झेपायचे नाहीत हे त्याने न विचारताच ओळखलं. "फळ्या तेवढ्या सरकवा," म्हणाला, आणि रेडिओ वाजवत जिन्याने उतरून गेला. तो आवाज रस्त्यावर विरेपर्यंत मी दारात उभा होतो. कोणी गेल्यावर खोली किती मोठी होते हे मला ताईच्या वेळी कळलं होतं. त्या दिवशी पुन्हा कळलं, एका रंगाऱ्यासाठी. याचं मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली.

दोन दिवस भिंत वाळू दिली. मग सकाळचं आवरून फळ्या लावायला घेतल्या. सुरुवात झोकात झाली. फळी उलटी करायची, पोटाचा आकडा वाचायचा, खांबावरचा तोच आकडा शोधायचा, फळी सुलटी करून सरकवायची. रंगाऱ्याने रचताना फळ्या उलटसुलट ठेवल्या होत्या, त्यामुळे काही आकडे डोक्यावर उभे दिसायचे. पण पाचाचं टोक वर आलेलं दिसलं की मन आपोआप आकडा सरळ करून घेतं. IIX असा आकडाच नसतो, म्हणजे ते बारा. मला मजा वाटायला लागली. दाजींचा हात ठिकठिकाणी दिसत होता, रेघा सुरुवातीला भित्र्या आणि पुढे पुढे ठाम होत गेलेल्या. मी जुन्या विद्यार्थ्याची वही तपासत असल्यासारखा मनात शेरे देत होतो. सहा उत्तम. सात जरा तिरपा.

नवव्या फळीला गाडी अडली. आकडा IX, खाचही IX, पण फळी आत जाईना. अर्धी गेली आणि चावून बसली. कशीबशी ओढून काढली. अकरावी घेतली तर ती उलट ढिली, खाचेत ठेवली की एका अंगाला कलायची. मी कारण शोधलं आणि मला ते लगेच सापडलंही. ओल. एका फळीचं लाकूड फुगलं, दुसरीचं आटलं. नववी फळी हातोडीने बसवावी म्हणून मी हातोडी आणली, खाली जुनं पुस्तक धरलं आणि हलकेच ठोकलं. खांबातून कुरकुर असा आवाज आला. मी घाबरून थांबलो. दाजींनी एकही खिळा न मारता केलेलं काम मी फोडणार होतो.

आकड्यांवर मात्र मला एकदाही शंका आली नाही. मी आयुष्यभर स्वतःवर शंका घेत आलो आहे, चहात साखर घातली की नाही इथपासून. पण आकडा IX म्हणतो म्हणजे फळी नववीच. लाकूड चुकेल, हवा चुकेल, आकडा कसा चुकेल?

दहा फळ्यांवर पुस्तकं लावता आली असती, पण दोन पोकळ्या तोंडातल्या पडलेल्या दातांसारख्या दिसत होत्या. मी बसलो आणि मला एकदम सुचलं, दाजींना विचारावं. या विचाराने मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतके महिने जे पत्र लिहिता येत नव्हतं त्याला आता कारण मिळालं होतं. नववी फळी बसत नाही, अकरावी हलते, काय करावं. यात रडवं काही नव्हतं, उपकाराचं काही नव्हतं. कामाचं पत्र. कामाच्या पत्रात माणूस लपून बसू शकतो. खोलीच्या गोष्टीला उत्तर द्यायचं राहून गेलं तरी ते खपलं असतं.

टेबलावर पुस्तकांचे ढीग होते, तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसलो आणि ती नववी फळीच मांडीवर घेतली. वरच्या अंगाला रंगाचे थेंब पडले होते म्हणून पोटाकडची बाजू वर केली. कागद ठेवला. "ती. दाजींना सा. न. वि. वि. आपण केलेल्या कपाटाची नववी फळी" इथपर्यंत लिहिलं आणि आकडा पुन्हा बघून घ्यावा म्हणून कागद बाजूला सरकवला.

मांडीवर XI होतं.

मी चष्मा काढून पुसला. चुकून अकरावी घेतली असेल म्हणून उठून दुसरी पाहिली. ती भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावरही XI. मग मी ती दुसरी फळी उचलून फिरवली, वरची कड खाली केली. फुली आणि काडीने आपापली जागा बदलली आणि IX झालं. पहिली फिरवली, तिचंही तसंच. मी ती फळी तीनचारदा उगीचच फिरवत राहिलो. नऊ, अकरा, नऊ, अकरा. इतकी वर्षं मी हे आकडे पाहत आलो. पण पुस्तकाचं पान कोणी उलटं धरून वाचत नाही. फळी माणूस कशीही धरतो.

अदलाबदल केली. नववी आता नवव्या खाचेत गेली आणि आत टेकताना तिने एक लहानसा, समाधानी आवाज केला. अकरावीही बसली. कपाट पुरं झालं. ओल नाही, फुगणं नाही, काही नाही.

आणि पत्राचं कारणही गेलं.

पलंगावर तो कागद पडला होता, "नववी फळी" या शब्दांशी थांबलेला. आता पुढे लिहायला काही नव्हतं. मी चार पुस्तकं उचलून वरच्या फळीवर ठेवली. आणखी चार ठेवली. संध्याकाळपर्यंत सगळी पूर्ववत लागली असती, मग चष्म्याची डबी पत्रावर, समोर ताट, आणि पुढचा उन्हाळा. हे इतकं सोपं होतं की माझे हातच चालेनात.

तेव्हा मला कपाट आणलं त्या दिवसाची आठवण आली. दाजी इथेच उभे होते. फळ्या सरकवत होते आणि मी बाजूला उभा राहून आकडे मोठ्याने वाचत होतो, म्हणजे माझ्या मानाने मोठ्याने. आठ बसली. मग त्यांनी एक फळी लावली, थांबले, काढली. हातात फिरवून पाहिली. खाली ठेवली, दुसरी घेतली, तीही फिरवली आणि बसवली. मी विचारलं होतं, "काय झालं?" ते म्हणाले होते, "काही नाही मास्तर. लाकूड आहे, थोडे लाड करावे लागतात." आणि पुढची मागितली.

त्यांना तेव्हा कळलं होतं का? शिकवणाऱ्याचा आकडा लाकडावर उलटतो, हे लक्षात येऊन ते गप्प बसले, की त्यांनाही वाटलं आपलंच तासणं कुठेतरी चुकलं? मी बराच वेळ विचार केला. त्यांचा चेहरा आठवून पाहिला, पण त्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं, फळ्यांवरच्या आकड्यांकडे पाहत होतो. मला हे ठरवता येईना. आणि गंमत म्हणजे, दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी मला बरंच वाटत होतं. चूक त्यांना दिसली असेल, तर दिसूनही त्यांनी ती माझ्या अंगावर टाकली नाही. दिसली नसेल, तर आम्ही दोघे मिळून चुकलो होतो. माझ्या धंद्यात चूक दिसली की तिच्याभोवती गोल करायचा आणि समासात लिहायचं, एवढंच मला ठाऊक. त्याखेरीज दुसरंही काही करता येतं, हे माझ्या खोलीत इतकी वर्षं उभं होतं आणि मी त्याच्यावर पुस्तकं ठेवत होतो.

मला हे त्यांना विचारायचं होतं. खरंच विचारायचं होतं, पत्र लिहायला निमित्त हवं म्हणून नाही. आणि हा प्रश्न कागदावर विचारण्यासारखा नव्हता. विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं.

मी आठही पुस्तकं परत उतरवली. मग फळ्या काढायला लागलो, बारावीपासून उलट. नववी आणि अकरावी काढल्या तेव्हा दोन्हींवर आकड्याशेजारी खडूने वरची बाजू दाखवणारा बाण काढला. सगळ्या सुतळीने बांधल्या. मोकळी गाठ मला येत नाही, त्यामुळे चांगली घट्ट निरगाठ बसली. ती आता कापावीच लागेल.

मग नवा कागद घेतला.

"ती. दाजींना सा. न. पत्राला फार उशीर झाला. मी येतो. घरमालकिणीला उद्या सांगतो आणि गाडीचा दिवस कळवतो. कपाट सुटं करून ठेवलं आहे. माझा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही याची मला काळजी वाटते, पण एकाच खोलीत बसून दोघांनी गप्प राहणं इथल्या गप्प राहण्यापेक्षा निराळं असेल असं वाटतं. पोरीला सांगा, मी लवकर उठतो आणि भांड्यांचा आवाज करत नाही. तिला अडचण होत असेल तर तिने मला मोकळेपणी सांगावं, मी वाईट वाटून घेईन पण दोनेक दिवसच. नवव्या फळीबद्दल तुम्हाला एक विचारायचं आहे. ते ओरडून विचारावं लागेल, म्हणून येऊनच विचारतो."

सही केली. सवयीने लाल पेन्सिल हातात आली होती. "वाईट वाटून घेईन" हे वाक्य रडवं होतं, आणि "निराळं" बरोबर की "वेगळं", हेही टोचत होतं. मी पेन्सिल परत मगात ठेवली, कागदाची घडी केली आणि पाकीट चिकटवून टाकलं, म्हणजे पुन्हा उघडता यायला नको.

टपालाची पेटी आमच्या रस्त्याच्या टोकाला, औषधाच्या दुकानाबाहेर आहे. चपला घालताना वाटलं, एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी पुन्हा वाचून बघावं. जिन्यात वाटलं, "तिची ना नाही" याचा नीट खुलासा आधी मागवावा. औषधवाल्याने दुकानातून मान वर करून विचारलं, "काय काका, गोळ्या संपल्या?"

"नाही," मी म्हणालो. "पत्र टाकायचंय."

"काय?" त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"पत्र," मी मोठ्याने म्हणालो, "पत्र टाकायचंय," आणि टाकलं.